खालच्या आळीची मडकी

३ जानेवारी, शनिवार

मिळालं! मैदान मिळालं! गावकीने हो म्हटलं! वरची आळी आणि खालची आळी, दोघांची पोपटी एकाच आगटीवर!

पालखी आधी कोणाच्या दारात थांबायची यावरून भांडले ते भांडलेच. चार वर्षं झाली. एका विहिरीचं पाणी पितात, पण एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. मयतालासुद्धा नाही. मोठ्यांना जमलं नाही ते आम्ही कॉलेजची पोरं करून दाखवणार – २५ तारखेला, रविवारी. अख्खं गाव, पोराबाळांसकट. आधी खेळ, मग गाणी, मग पोपटी – मडक्यात भरून जाळात भाजलेल्या गरमागरम शेंगा.

पंच म्हणाले, "भांडण झाला तर तुझ्या नावावर हां, अमिषा." म्हटलं, चालेल. म्हटलं खरं!

६ जानेवारी

कामं वाटली. वरच्या आळीतून मी आणि साहिल, खालच्या आळीतून प्रणाली आणि निकेत. वालाच्या शेंगा साहिल आणणार. भांबुर्ड्याचा पाला प्रणाली – बांधावर उगवतो तो, त्याच्याशिवाय पोपटीला वासच नाही.

निकेतला विचारलं, तुला चालेल ना रे? त्याचे बाबा श्रावणात गेले, वर्षभर त्यांच्याकडे सण नाही. म्हणाला, "पोपटी म्हणजे सण थोडाच! आणि बाबांना लय आवडायची." मडक्यांचं काम स्वतःहून घेतलं त्याने. तालुक्याला ओळखीचा दुकानदार आहे म्हणे, भला माणूस. बरं झालं बाई, माझी एक डोकेदुखी गेली.

११ जानेवारी

सखू आते तयार झाली! पोपटी लावावी तर तिनेच. आधी तासभर शिव्या घातल्या – खालच्या आळीला, मग कॉलेजला, मग मला. शेवटी म्हणाली, "लावीन. पन मधी कोनी लुडबुड करायची न्हाय." मी पाया पडले. "पुरे गो नाटकं," म्हणाली, पण खूश होती.

आईला अजून खात्री नाही. "तू दोन्ही दगडांवर पाय ठेवतेस, पडशील." आई म्हणजे ना!

१७ जानेवारी

आभाळ आलंय. पाऊस पडला तर मी खाडीत उडी मारणार.

१८ जानेवारी

नाही पडला. खालच्या आळीच्या बायका म्हणे गाणी बसवतायत. प्रणालीने सांगितलं. रडूच आलं मला, वेड्यासारखं.

२१ जानेवारी, बुधवार

संपलं. सगळं संपलं.

मडकी आली. टेम्पोतून उतरवून देवळाच्या पडवीत लावली. सखू आतेने एकेक उचलून वाजवून बघितलं, म्हणाली, बेस हायत. मग टेम्पोवाल्याला सहज विचारलं, "कुठून उचलली रं?" तो म्हणाला, "तिरडीच्या दुकानातनं."

आतेच्या हातातलं मडकं तिथेच खाली. फुटलं.

मर्तिकाचं सामान विकतात तिथली मडकी! गावजेवणाला! पोराबाळांना त्यातलं वाढणार होतो आम्ही! आतेने विहिरीवर जाऊन अंगावरच्या पातळासकट आंघोळ केली. पाच मिनिटांत वरची आळी गोळा. "मुद्दाम केलान! आमच्या पोरांच्या ताटात मरान वाढायला निघाले!" खालच्या आळीचेही आले. मग काय, पालखीपासून सगळं उकरून काढलं.

आणि मी! पंचांचं "तुझ्या नावावर" डोक्यात घणघणत होतं. सगळ्यांसमोर निकेतवर ओरडले. "अक्कल गहाण टाकलीस का? अख्ख्या तालुक्यात दुसरं दुकान नव्हतं?" तो म्हणाला, "सगळ्या दुकानांचा कुंभार एकच असतो गं. मला तेवढंच दुकान माहीत होतं." मी म्हटलं, "मग घरी बसायचं होतंस! चालता हो इथून."

गेला. मान खाली घालून गेला. साहिल मला म्हणाला, "बरं झापलंस." तेव्हा बरं वाटलं होतं. आता का वाटत नाहीये?

२२ जानेवारी

सकाळपासून दारोदार फिरतेय. घसा बसलाय. खालच्या आळीत कोणी दार पूर्ण उघडत नाही. "आमच्या पोराला चारचौघांत हाकलला, आता बोलवाया आलीस?" वरच्या आळीत चहा देतात आणि सांगतात, बघू. बघू म्हणजे नाही, एवढं मलाही कळतं.

निकेतच्या दारापर्यंत गेले. त्याच्या चपला बाहेर होत्या. परत फिरले. काय बोलणार होते? चूक त्याचीच आहे ना? आहेच!

२३ जानेवारी

साहिल आणि पोरांनी मडकी खाडीत बुडवली. आते म्हणाली, आता नवी मडकी आणलीत तरी मी हात लावणार न्हाय, मन उडाला. मग साहिल तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे घेऊन आला. मुंबईचे पाव्हणे आले की रिसॉर्टवाले डब्यातच लावतात म्हणे. आते त्या डब्यांकडे बघून थुंकली. पण येते म्हणाली.

पंचांना विचारलं, रद्द करू का? म्हणाले, "तुझं तू बघ." हात वर! देवा, पुढचे दोन दिवस गाळून एकदम सोमवार नाही का करता येणार?

२४ जानेवारी

जेवण जात नाही. आईने दहीभात पुढे सरकवला.

२५ जानेवारी, रविवार

झाला महोत्सव. झाला म्हणायचा.

गोणपाटाच्या शर्यतीत वरच्या आळीचीच पोरं. पहिलाही आमचा, शेवटलाही आमचा. मैदानाची अर्धी बाजू रिकामी – सतरंज्या घातलेल्या तशाच. खालच्या आळीतून एकटी प्रणाली आली, भांबुर्ड्याचा भारा टाकला, "आईने थांबू नको सांगितलंय," म्हणाली आणि पळाली. तिच्या पाल्याचा वास मात्र दरवळत राहिला.

आतेने डबे उपडे लावले, वरून पेंढा, काटक्या. आग पेटली. शिजलं की वर पाण्याचा हात मारल्यावर चर्र वाजायला हवं, तसं वाजलं. सगळं नीट. पण आत शेंगा अर्ध्या करपलेल्या, अर्ध्या कच्च्या. लोकांनी चार-चार शेंगा खाल्ल्या, हात झटकले, घरी. कोणी मला वाईटही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं!

मोठ्यांना जमलं नाही ते आम्ही करणार होतो. होतं त्याच्यापेक्षा वाटोळं करून ठेवलं मी. आधी नुसते बोलत नव्हते, आता शिव्या देतात.

२६ जानेवारी

झेंडावंदनाहून येताना तशीच निकेतच्या घरी गेले. ठरवून नाही, पाय वळले. तो नव्हता. केसर काकी, त्याची आई, ओट्यावर सुकट निवडत होती. मला बघून उठली नाही. मी उभीच.

म्हटलं, काकी, निकेतला मी खूप बोलले. पण त्याने तिथूनच का आणली मडकी?

खाली बघतच म्हणाली, "त्याचा बाप गेला तवा पाऊस किती होता, आठवतं? सगला सामान त्यानंच आनला, एकट्यानं. आमच्या भावकीतले दोघं तापानं पडलेले. वरल्या आलीतून कोनी येनार न्हाय, ह्ये ठावकंच होता. खांद्याला चौथा माणूस न्हवता गो. तो दुकानदार निकेतसंगं टेम्पोत सामान घेऊन आलेला, त्याला कलला. त्यानं दुकान दिवसभर बंदच ठेवला. चौथा खांदा त्यानं दिला. निकेत मडकं धरून पुढं, आन् तो परका माणूस मागं."

मग म्हणाली, "पोराला वाटला, चांगल्या कामाची मडकी चांगल्या माणसाकडूनच घ्यावी."

श्रावणातल्या त्या दिवशी मी घरीच होते. आमच्या खिडकीतून दिसतो तो रस्ता. मी निकेतला मोबाईलवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं होतं. बस. आणि परवा त्याला विचारलं, दुसरं दुकान नव्हतं का!

काकीसमोर मला रडताही येईना. सुकट निवडायला बसले. तिने सूप मध्ये सरकवलं.

२७ जानेवारी

सखू आतेला सगळं सांगितलं. वाटलं, शिव्या घालेल. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग उठली, डोक्यावरून पदर घेतला, तांदूळ बांधून घेतले. दुखवट्याच्या घरी जाताना नेतात तसे.

"चल," म्हणाली. "श्रावनात जायचं व्हतं."

उतारावरून आम्ही दोघीच निघालो. देवळापाशी मागे वळून बघितलं – आई दाराला कडी घालत होती, तिच्याही डोक्यावर पदर. आणि तिच्या मागे आणखी बायका.