जोसेटचा फॉर्म आणि माझ्या दारातला बर्फ

ती. एर्नेस्तीन वन्संना,

ओदीलचा नमस्कार. तुमचा गुडघा आणि फ्लोरिडातला तुमचा पत्त्यांचा अड्डा दोन्ही ठणठणीत असतील अशी आशा करते. माझी प्रकृती उत्तम आहे. मुद्दाम लिहिते, कारण सध्या या गावात माझ्या प्रकृतीची माहिती माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त आहे.

झालं असं, की आपली जोसेट यंदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या शाळेत मिस हॅस्केल नावाच्या समुपदेशक बाई आहेत. मुलांनी पुढे काय शिकावं, कुठल्या कॉलेजात अर्ज करावा, हे बघणं त्यांचं काम. (आमच्या कॉन्व्हेंटात हे काम सिस्टर अँसेल्म एकट्या उरकायच्या आणि त्यांच्या यादीत तीनच वाटा होत्या: नन, नर्स आणि लग्न. मला त्यांनी लग्नाच्या रांगेत उभं केलं. तुमच्या भावाकडे बघता त्यांचा अंदाज दरवेळी बरोबर येत नसे, पण निदान फॉर्म भरावा लागत नव्हता.) मिस हॅस्केलबाईंच्या वाट्याला चारशे बारा मुलं. प्रत्येकासाठी कॉलेजला शिफारसपत्र लिहायचं, तर मूल माहीत तरी हवं ना? म्हणून त्या घरी एक कागद पाठवतात. वर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘आपल्या मुलाबद्दल फुशारकी मारा’. मारा म्हणे. तिच्या बापाने, आमच्या नॉर्मंडने, मारली असती, पण तो महिन्यातले वीस दिवस ट्रकवर असतो, तेव्हा कागद आला आजीकडे.

सिस्टर अँसेल्म सांगायच्या, आपल्या माणसाची स्तुती करणं म्हणजे आरशापुढे गुडघे टेकून प्रार्थना करणं. तेव्हा मी भिंग घेऊन बसले आणि पाप-कबुलीला बसावं तशी खरी उत्तरं लिहिली. मुलाचं तीन शब्दांत वर्णन करा: हट्टी, उर्मट, उशिरा उठणारी. मुलाने कोणत्या अडचणीवर मात केली: अजून नाही, मी जिवंत आहे. घरात मूल कोणत्या जबाबदाऱ्या सांभाळतं: एकही नाही, या घरातलं सगळं मी करते. याखाली दोन रेघा ओढल्या.

मंगळवारी शाळेतून बोलावणं आलं. चांगला कोट घालून गेले. बसायला खुर्ची इतकी बुटकी, की तिच्यात बसलेला माणूस आधीच अपराधी वाटावा. मिस हॅस्केलनी कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्याकडे सरकवला. मग त्यांनी टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले. एक माझा. दुसरा जोसेटचा, कारण मुलांकडूनही असाच एक भरून घेतात. त्यात आपल्या लाडक्या नातीने लिहिलं होतं, की ती रोज शाळेआधी आजीच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते, हिवाळ्यात दारातला बर्फ काढते, डॉक्टरकडे गाडीने नेते, आणि तळघरातला बॉयलर तिने दोनदा स्वतः खोलून दुरुस्त केला.

“मिसेस थिबोदो,” बाई म्हणाल्या, “दोन्ही कागद खरे असणं शक्य नाही. मी कुठल्या कागदावरून पत्र लिहू?”

“माझ्या. मी वयाने मोठी आहे.”

“तुमच्या दारातला बर्फ कोण काढतं?”

“वारा.”

बाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्या म्हणाल्या, जोसेट गेलं वर्षभर दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत येऊन बसते आणि किनाऱ्यावरच्या त्या जहाजांच्या इंजिनांच्या कॉलेजची पुस्तिका चाळते. इतकी चाळली, की पानं सुटली. पण अर्ज केलाय फक्त गावातल्या कॉलेजला, घरापासून बारा मिनिटांवर, कचेरीच्या कामाच्या अभ्यासक्रमाला. का? तर हिवाळ्यात आजीला एकटं ठेवता येत नाही. अर्जाची शेवटची तारीख एक नोव्हेंबर.

वन्सं, माझी कोंडी बघा. मी खरं कबूल केलं, तर बाईंचं पत्र जोरदार होणार (घर सांभाळणारी मुलं कॉलेजांना आवडतात म्हणे), पण आजी परावलंबी ठरली की पोरगी हलायची नाही. नाकारलं, तर पोरगी कॉलेजपुढे खोटारडी. चारशे बारा मुलांच्या बाईने मला बरोबर पकडलं. घरी आले ती रागाने लाल होऊन. जोसेट स्वयंपाकघरात उभ्याने पाव खात होती.

“तू त्या बाईला माझ्या डोळ्यांबद्दल सांगितलंस?”

“मेमे,” (आजीला ती हेच म्हणते) “परवा तू कोटाच्या खुंटीला गुड मॉर्निंग म्हणालीस.”

“खुंटी उलट बोलत नाही. ही सेवा तुझ्याकडे मागितली होती कोणी?”

“कोणी नाही. तुला मागता येत नाही, म्हणून तर न मागता करते.”

“उद्याच्या उद्या त्या जहाजवाल्यांना अर्ज कर.”

“आणि जानेवारीत तू दारात घसरून पडलीस तर?”

“तर पडेन. स्वतःच्या दारात पडायला मला कोणाची परवानगी लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी नवा फॉर्म मागवला. थेंब, बर्फ, डॉक्टर, बॉयलर, सगळं लिहिलं. ‘हट्टी’ तसंच ठेवलं, कारण ते खरं आहे. फॉर्म स्वतः नेऊन दिला आणि बाईंना बजावलं, की माझं नाव पुढे करून कोणी आपलं आयुष्य बारा मिनिटांच्या अंतरावर घालवलेलं मला खपणार नाही. मी बेचाळीस वर्षं गिरणीच्या कचेरीत पत्रं टंकली. त्या कामात काही वाईट नाही, पण बॉयलर खोलताना जिचा चेहरा उजळतो, तिने ते का करावं? बाई म्हणाल्या, पत्र मी लिहिते, पण अर्ज पाठवणं जोसेटच्याच हातात आहे. ती पाठवत नाही. त्या विषयावर मी तिच्याशी बोलणं सोडलं आहे. मला कोणाचीही गरज नाही, हे पुन्हा एकदा लिहून ठेवते.

आपली,
ओदील

ता. क. जोसेटची अट अशी, की हिवाळाभर घरात दुसरं कोणी असेल तरच अर्ज पाठवीन. मागची खोली रिकामी आहे, दुपारी तिथे ऊन येतं. तुम्हाला थंडी सोसत नाही आणि मला तुमची घोरण्याची सवय सोसत नाही, तेव्हा आपण दोघी बरोबरीत. एक नोव्हेंबरच्या आत कळवा. ती जाईल पुढच्या वर्षी, पण आपण यंदापासूनच सवय करू. मांजर आणलंत तरी चालेल, त्याला चुलीजवळची जागा देऊ.

आणखी एक. एवढंच मी माझ्या हाताने लिहिते आहे, ओळ वाकडी गेली तर सांभाळून घ्या. वरचं सगळं मी सांगितलं आणि जोसेटने लिहिलं. इतर कुठे ती अडली नाही, स्वतःला उर्मट म्हटलेलंही मुकाट्याने उतरवलं. मागच्या खोलीपाशी मात्र पेन थांबलं. मी ‘लिही’ म्हणाले नाही. बऱ्याच वेळाने तिने ती ओळ पुरी केली. मांजराचं वाक्य माझं नाही, तिने आपल्या मनाने घातलं आहे. तेव्हा या.