माझ्या मागे माझ्या नावाने कोणी बोलू नये म्हणून

मी, या कागदाखाली सही करणारा, आधी कचेरीच्या फाटकाबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा, मग छापखान्याचा आणि एका साप्ताहिकाचा मालक, पुस्तके लिहिणारा आणि राजधानीच्या मते फुटीर, आज पूर्ण शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. उद्या सकाळी डॉक्टर माझे हृदय उघडून बघणार आहेत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकणारी मंडळी बाहेरच्या खोलीत बसली आहेत आणि दाराला आतून कडी मी लावली आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात साप्ताहिक पुतण्याला दिले होते, म्हणून तर हा खटाटोप.

एक. राहते घर, खालच्या छापखान्याच्या जागेसह, माझ्या पत्नीस. बँकेत जे असेल तेही तिलाच. ते किती आहे हे माझ्यापेक्षा तिलाच ठाऊक आहे. या घराचे स्मारक करू नये. हे लिहावे लागते, कारण माझे कान अजून तिखट आहेत आणि दार पातळ आहे. बाहेर आत्ताच कोणीतरी विचारले, "पुतळा बसलेला की उभा?" दुसरा म्हणाला, "उभाच. बसलेला असला की आजारी वाटतो." ही त्यांना चहा देऊन मागच्या दाराने आत आली आणि म्हणाली, "पुतळा करा म्हणावं. तो रात्रभर खोकत तरी नाही."

दोन. छपाईचे यंत्र, कागद कापायचे यंत्र आणि अक्षरांच्या जुन्या खिळ्यांच्या पेट्या आमच्या मशीनवाल्यास. मी लेख उशिरा दिला की तो यंत्रावर दोष ढकलायचा आणि यंत्र बिघडले की माझ्या लेखावर. दोघांचे छान जमले.

तीन. राजधानीच्या मोठ्या ग्रंथालयाने स्वायत्ततेवरचे माझे पुस्तक विनोदी साहित्याच्या कपाटात लावले. त्या ग्रंथपालावरचा राग मी या कलमाने सोडतो. गंभीर कपाटात ते कोणी उघडलेही नसते. राजधानीतल्याच ज्या समीक्षकाने ते न वाचता झोडपले, त्याच्यावरचा राग मात्र माझ्या पश्चात माझ्या पत्नीने चालू ठेवावा. तिला आवडेल.

(इथे दोन ओळी खोडल्या आहेत. खोडणारा मीच. जरा उठून येरझाऱ्या घातल्या, पुन्हा बसलो.)

चार. साप्ताहिक. याच्यासाठी पेन हातात घेतले आणि याच्याशीच येऊन अडतो आहे.

ते कशासाठी काढले हे आधी सांगतो. अर्ज लिहायचो तेव्हा एक बाई आली. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर शिक्का हवा होता आणि तो शिक्का राजधानीत. म्हणाली, "माणूस इथे मेला. माझ्यासमोर मेला. तो खरंच मेला का, हे तिकडे ठरणार होय?" मी तिचा अर्ज लिहिला, पण त्या प्रश्नाला अर्जात जागा नव्हती. तो मी साप्ताहिकाच्या पहिल्या अंकात छापला. आमची स्वायत्ततेची सगळी चळवळ म्हणजे त्या एका वाक्याचे लांबण आहे. माझी पुस्तकेसुद्धा.

आता पुतण्या. थोरल्या भावाचा मुलगा. भाऊ गेल्यावर याच घरात वाढला, याला सायकल मी शिकवली, भाषण करायलाही मीच शिकवले. पहिले तो पडत पडत शिकला, दुसरे फारच लवकर. आज तो चळवळीचा अध्यक्ष आहे आणि पुढच्या आठवड्यात राजधानीत समझोत्यावर सही करणार आहे. स्वायत्ततेऐवजी विकास मंडळ मिळणार आणि मंडळाचा अध्यक्ष तोच. काल पलंगाशी बसून मला समजावत होता.

"काका, मिळतंय ते पदरात पाडून घेऊ. उरलेलं नंतर मागू."

"शिक्के कुठे मारणार?"

"ते तिकडेच. पण शाईचा खर्च आपलं मंडळ करणार."

हसून हसून माझी छाती दुखली. तो मात्र हसला नाही. त्याला साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर माझ्या नावाने समझोत्याची शिफारस हवी आहे. मी उद्या ऑपरेशनच्या टेबलावरच राहिलो तर ती त्याला विनासायास मिळेल. मेलेला माणूस सगळ्या ठरावांच्या बाजूने असतो.

म्हणून साप्ताहिक, त्याचे नाव आणि माझ्या सर्व लेखनाचे हक्क मी माझ्या मुलीस देतो. ती राजधानीत कायदा शिकवते आणि माझी मागणीच चुकीची आहे असे तिचे मत आहे. "बाबा, तिकडच्या साहेबाच्या खुर्चीत इकडचा दादा बसेल, एवढंच होईल," असे ती गेली कित्येक वर्षे जेवताना म्हणते आणि मी पाणी पितो. ही म्हणाली, "अहो, पहिल्याच अंकात तुम्हाला सोलून काढेल ती." काढू दे. पुतण्या पहिल्या पानावर माझा फोटो छापेल आणि खाली स्वतःचे बोलेल. मुलगी निदान माझ्याशी भांडेल, आणि भांडायचे तर समोरचा काय म्हणाला होता ते नीट छापावे लागते.

दुपारी तिला फोन केला. साप्ताहिक तुझ्या नावाने करतोय म्हणून सांगितले.

"मला नकोय ते, बाबा. मला तुम्ही हवे आहात."

"मी माझ्या हातात नाही गं. साप्ताहिक आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"बंद कर. पण तुझ्या हाताने."

"रात्रीच्या गाडीने निघते," म्हणाली. होकार की नकार, कळले नाही. तिच्या बाबतीत ही बेचैनी माझ्या सवयीची आहे. तिने नकार दिल्यास साप्ताहिक बंद करावे, नाव रद्द करावे. पुतण्याकडे ते कोणत्याही वाटेने जाऊ नये.

पाच. अंत्यविधीला भाषण नको. कोणी ऐकतच नसेल तर सभांतून माझ्याविरुद्ध बोलणाऱ्या माझ्या जुन्या विरोधकाला बोलू द्यावे. तो माझी पुस्तके वाचून येतो.

सहा. अंमलबजावणी पत्नीने करावी. तिच्याशी वाद घालून कोणी आजवर जिंकलेले नाही. वकिलांनीही नाही.

सही करण्यापूर्वी एक नोंद. कडी काढली तर दारात पुतण्या उभा. "काका, पहिला साक्षीदार मी. कार्यकर्त्यांना बरं वाटेल."

मी म्हणालो, "साक्षीदाराला यातून काही घेता येत नाही, कायदा आहे. आधी वाचून बघ."

"तुमच्या कागदात वाचायचं काय, काका?"

"समझोता तरी वाचलास का?"

"त्याचा गोषवारा दिलाय त्यांनी."

मी पाने त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली असती, रागावला असता, टेबलावर आपटली असती, तर कलम चार पुन्हा लिहायला मी बसलो असतो. वाचून चिडणारा माणूस मला चालला असता. त्याने पेन उघडले आणि सहीची जागा विचारली.

ती मी त्याला दाखवली आहे.

सही : लिहून देणार

साक्षीदार :
१. पुतण्या, चळवळीचा अध्यक्ष. (मजकूर न वाचता, स्वखुशीने)
२. समोरच्या दवाखान्याचे डॉक्टर. (डोके ठीक असल्याची खात्री करून, हृदयाबद्दल उद्या बोलू म्हणतात)

स्थळ : छापखान्याच्या वरची खोली
दिनांक : ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी, मुलीची गाडी सुटण्यापूर्वी