सातवी चिंधी आणि लाल गाडीचा टर्बो

देवाला स्मरून लिहिते. वय वर्षे एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक पास, काम घरकाम. डोळ्यांना चष्मा आहे, डोक्याला अजून काही लागत नाही. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. कानाशी बसून कोणी काही सांगितलेले नाही. मला कमी ऐकू येते, तेव्हा सांगूनही फायदा नव्हता.

१. राहते घर, तीन खोल्या व गॅरेज, मुलगा आणि मुलगी यांनी निम्मे निम्मे घ्यावे. मधोमध भिंत घालू नये. घातल्यास नळ एकीकडे आणि मोरी दुसरीकडे जाईल, मग बसा भांडत.

२. बँकेतली ठेव मुलीला. मुलाचा वाटा त्याच्या शिक्षणात आधीच गेला आहे. तो नाही म्हणणार नाही. म्हटल्यास कपाटातल्या हिशेबाच्या वह्या उघडाव्यात.

३. माझे प्रार्थनेचे पुस्तक व जपमाळ नातीला. ती वाचणार नाही, ठाऊक आहे. उशाशी असू द्यावे.

४. माझा मोठा कुकर शेजारच्या मास्तरीणबाईंकडे सतरा वर्षे आहे. तो त्यांचाच समजावा. त्याची शिट्टी मी दिलीच नव्हती. ती पिठाच्या डब्यामागे आहे, तीही द्यावी. सतरा वर्षे ताटली झाकून शिजवले, पण मागायला आल्या नाहीत. मानी बाई.

५. लाल रंगाची, दोन सीटची स्पोर्ट्स गाडी, तिला बसवलेला टर्बो आणि पान्यांची पेटी माझ्या धाकट्या दिरांना, म्हणजे भाऊजींना द्यावी. मुलाने ती विकायला काढू नये. कारण लिहिते.

बारा वर्षांपूर्वी आमच्या ह्यांनी या गाडीसाठी टर्बोचा संच मागवला. टर्बो म्हणजे लहानसे चक्र. इंजिनाच्या धुराने फिरते आणि इंजिनातच जास्त हवा कोंबते. त्याला ऑईल पोचले नाही तर बघता बघता जळते. बसवायला तीन दिवस लागले. वरचे काम ह्यांनी केले. ऑईलचा पाइप, पेन्सिलीएवढा, भाऊजींनी लावला. ते कारखान्यात टर्नर, हात घड्याळजीचा. मी पडले टापटिपीची. उघड्या पाइपांत धूळ जाऊ नये म्हणून एकेका तोंडात जुन्या परकराची चिंधी पिळून घातली. कुणाला सांगितले नाही. त्यात काय सांगायचे! पाइप लागत गेले तशी एकेक काढून घेतली.

गाडी निघाली आणि पहिल्याच वळणावर, मांजरीचे शेपूट चेंगरावे तशी किंचाळली. टर्बो गेला.

हे म्हणाले, "पाइप मुरगाळलास. एवढंसं काम होतं!"

"नाही रे दादा मुरगाळला. बघ तरी."

"बघायला उरलंय काय?"

भावाभावांचे बोलणे तुटले नाही. पण त्या दिवसापासून भाऊजी गॅरेजात आले की हे म्हणत, "याच्या हातात पाना देऊ नका, चहा द्या." पाहुणे हसत, मुले हसत, भाऊजीही हसत. आणि चहा घेत.

महिन्याभराने तो पाइप भंगारात देण्याआधी मी धुतला, कशाला तरी होईल म्हणून. आतून काळी वात निघाली. परकराची किनार ओळखू आली. चिंध्या सात घातल्या होत्या. काढताना मोजल्या नव्हत्या. मीठ-मिरची लिहून ठेवणारी बाई मी!

आज सांगू, उद्या सांगू करता करता ह्यांचेच उद्या संपले. देवाला मात्र रोज सांगत होते. त्याला सांगणे सोपे. तो चहाचा कप घेऊन समोर उभा नसतो.

यंदा मी तसाच नवा टर्बो पुन्हा मागवला. मुलगा म्हणाला, "आई, लोक या वयात गुडघे बदलतात." भाऊजींना बोलावले तर म्हणाले, "माझा हात नको, वहिनी. जळेल." मी म्हटले, "जळला तर माझा जळेल." पाइप लावण्याआधी त्यांनी चार वेळा फुंकून पाहिला. इंजिन पेटू नये म्हणून फ्यूज काढून नुसता सेल मारत राहिले, ऑईल टर्बोतून खाली येईपर्यंत. मगच गाडी सुरू केली. किंचाळली नाही.

नवा टर्बो रुळवायचा तर पहिले आठशे किलोमीटर पाय हलका ठेवायचा. भाऊजी म्हणाले, "हे तुमच्याइतकं कुणाला जमणार! तुम्ही काडेपेटीसुद्धा जपून ओढता." भाजीबाजार आणि दवाखाना करत मी आठशे पुरे केले. सायकलवाले पुढे जात. आता तिला पळवणे माझे काम नव्हे. ज्याच्यावर आळ आला त्याने पळवावी. हे कलम माझ्यामागे सर्वांसमोर मोठ्याने वाचावे.

६. वरील पाचवे कलम रद्द. स्टॅम्पपेपर वाया जाऊ नये म्हणून पान फाडत नाही.

लिहून झाल्यावर मनात आले, मी मेल्यावर हे वाचले तर भाऊजींनी रागवायचे कुणावर? काल दुपारी सगळे जेवायला होते. ताटे उचलली आणि मी पाचवे कलम उभे राहून वाचले. भाऊजी टेबलावरची रेघ नखाने खरवडत राहिले.

"मला खरंच वाटायचं, मीच मुरगाळला," ते म्हणाले. "कारखान्यात बारीक काम आलं की हात थरथरायचा. नोकरी लवकर सोडली ती त्यापायी."

हे मला ठाऊक नव्हते. मी हात जोडले.

"दादाला सांगायचं होतंत."

"धीर झाला नाही."

"मग मला?"

"तुम्हाला तर मुळीच नाही."

मग खुर्ची मागे सारून म्हणाले, "चावी कुठंय?"

कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर त्यांनी इंजिन तापू दिले आणि मग पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. देवाचे नाव तोंडातून अर्धेच निघाले. इतके पेट्रोल एकदम जळताना मी जन्मात पाहिले नव्हते, आणि वाईट वाटले नाही. घरी येऊन टर्बो निवेपर्यंत इंजिन तसेच चालू ठेवून आम्ही आत बसून राहिलो.

"राग आहे, वहिनी. थोडा राहील."

"राहू द्या. हक्काचा आहे."

आज सकाळी गाडी व पेटी त्यांच्या नावे करून दिली. फॉर्म मुलानेच भरला. आता या मृत्युपत्रातून भाऊजींना काहीच मिळत नाही, आणि वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीला चालतो. म्हणून त्यांची सही घेतली आहे.

ठिकाण: घरी, गॅरेजालगतची खोली.
तारीख: १४ मार्च, सकाळी साडेअकरा.

लिहून देणार: सही, मॅट्रिकच्या दाखल्यावर आहे तशीच.

साक्षीदार पहिला: सही. वकीलबाई.

साक्षीदार दुसरा: सही. लिहून देणारीचे धाकटे दीर. व्यवसाय: 'निवृत्त टर्नर' असे मी लिहिले होते, ते त्यांनी स्वतः खोडून, ठळक अक्षरांत, 'टर्बो बसवणारा' असे केले आहे. खाडाखोड मला मान्य.