काचेची पेटी की हौद

कारंजा,
चैत्र वद्य पंचमी, १९७४

प्रिय जतन,

तुझ्या लाल मासोळ्या जिवंत आहेत, हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. मला मात्र निवांतपणा कसला तो नाही. सकाळपासून उगीच परसात जाते, लिंबाखालची जागा हाताने मोजते आणि तशीच परत येते.

अकोल्याच्या बाजारात त्या माणसाने एका बाटलीत किती मासोळ्या कोंबल्या होत्या, आठवतं? जीव सोडवायचे म्हणून तू दोन घेऊन आलीस. तेव्हा करंगळीच्या पेराएवढ्या होत्या, लोणच्याच्या बरणीत मजेत फिरायच्या. आता चार बोटं लांब झाल्यात. तू मालेगावला महासतीजींजवळ, साध्वींच्या संगतीत राहायला गेल्यापासून तर त्यांना वळायलाही जागा उरली नाही. तळ्यात सोडाव्या, तर बगळे एक दिवस ठेवायचे नाहीत.

मागच्या आठवड्यात आईने कहर केला. दीक्षा घ्यायची म्हणून तू आता उकळलेलंच पाणी पितेस, मग तुझ्या मासोळ्यांनी कच्चं का प्यावं? तिने पाणी उकळलं, निववलं, गाळलं आणि बरणी भरली. घटकाभरात दोघी वर येऊन तोंडं वासायला लागल्या. मी धावत जाऊन विहिरीचं पाणी ओतलं, तेव्हा सावरल्या. आई म्हणते कशी, "धरमाचं पानी सोसत नाही का वं त्याइले?" मी आधी हसले आणि मग तिच्यावरच चिडले. हल्ली माझं असंच होतं.

तर आता मोठी जागा हवी. अकोल्याला दोन फुटांची काचेची पेटी मिळते. तुझ्या खिडकीत नीट बसेल, पण तिचं पाणी सारखं बदलावं लागतं, आणि ते तुझ्याच हातचं काम. दुसरं म्हणजे लिंबाखाली सिमेंटचा हौद. खेमा गवंडी म्हणतो, तीन हात लांब, कमरेइतका खोल बांधला की मासोळ्या जन्मभर राहतील, रोज कोणी पाहायला नको. बाबूजी म्हणाले, "मासोळी हाय का म्हैस? हौद कायले पाह्यजे तिले?" आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच सुतळी घेऊन परस मोजत उभे. मी दारातून पाहत होते. त्यांनी सुतळी गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

मी विधवा होऊन माहेरी परत आले तेव्हा तू गुपचूप माझ्या अंथरुणात येऊन निजायचीस. काही विचारलं नाहीस, समजूत घातली नाहीस. तुझी खाट अजून तिथेच आहे. आई हलवू म्हणते, मी हलवू देत नाही.

येत्या रविवारी बाबूजी तिकडे यायला निघणार आहेत, तुझ्या दीक्षेला घरची आज्ञा द्यायला. त्यांनी मला विचारलं, "पाना, तू हो म्हन, मंगच मी जातो." माझ्या तोंडून हो निघेना. म्हटलं, आधी हौदाचं ठरू द्या. ते समजले. एकदा दीक्षा झाली की "हौद बांध, पाणी भर" एवढंही तुला कोणाला सांगता येणार नाही, त्यात जीवहिंसा. म्हणून आत्ताच विचारते आहे. पेटी लिहिलंस, तर एस.टी.ने मी स्वतः तुला न्यायला येईन. लोक काय बोलायचं ते बोलोत. हौद लिहिलंस, तर बाबूजींना हो म्हणेन. मला पेटी हवी आहे, जतन, लपवत नाही. तरी माझा विचार न करता जे खरं असेल तेच लिही. खेमाला मी शनिवारपर्यंत थांबवून ठेवलं आहे.

तुझीच,
जीजी