दुहेरी चादर

टोकरखाडा, सिल्वासा
४ जानेवारी १९९१

चि. हृषीकेश यास छायाताईचे अ. उ. आ.

वाचून रागावू नकोस. वॉर्डात एका आजोबांना खाटेवर घेताना माझ्या कमरेत चमक भरली. दहा दिवस पडून आहे. हाड शाबूत आहे, पण मेट्रनबाई म्हणतात, आता केसपेपरच्या खिडकीवर बसा. चौदा वर्षं पेशंट सांभाळून आता नावं लिहू? मला वॉर्डातच परत जायचंय. नाशकात दवाखान्यात जगाला व्यायाम शिकवतोस, तर बहिणीलाही शिकव. तुझे भावजी पोळ्या लाटतात. मी पडल्या पडल्या छताचे कोपरे मोजते.

आठवण आहे ना ताईची?
छाया

नाशिक
१२ जानेवारी १९९१

ती. सौ. ताईस शि. सा. नमस्कार.

चार व्यायामांची चित्रं पाठवतोय. नुसती पडून राहू नकोस, रोज थोडी चाल. कळ पायात उतरली तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखव.

आजोबांना तू एकटीनं उचललंस, हे न लिहिताही कळलं. माझा पाय मोडला तेव्हा मला कडेवर शाळेत नेताना तू आईलाही हात लावू दिला नव्हतास. वॉर्डात परत जायचं तर पेशंटखाली दुहेरी चादर घालायची आणि दोघींनी मिळून सरकवायचं. उचलायचं नाही.

भावजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा हृषी

सिल्वासा
२८ जानेवारी १९९१

चि. हृषीस अ. उ. आ.

तुझी चित्रं माणसांची की बेडकांची? तरी रोज करते. बरं वाटलं म्हणून परवा गव्हाचा डबा एकटीनं उचलला आणि पुन्हा आडवी झाले. खरं सांगू? मदत मागितली की सिस्टर संपली असं लोक म्हणतील, याची भीती वाटते.

रागाव, पण पत्र पाठव.
छाया

सिल्वासा
३ मार्च १९९१

चि. हृषीस अ. उ. आ.

तुझं रागाचं पत्र उशीखाली आहे. कालपासून वॉर्डात आहे, सध्या अर्धा दिवस. एका बाईंना कुशीवर वळवायचं होतं. मेट्रनबाई बघत होत्या. सवयीनं माझा हात बाईंच्या पाठीखाली गेला आणि थांबला. आमच्या धुळ्याकडच्या आया मंजुळाबाई, त्यांना म्हटलं, जरा हात लावता का. चौदा वर्षांत पहिल्यांदा. चादर धरली, एक-दोन-तीन म्हटलं आणि बाई अलगद वळल्या. खिडकी टळली रे!

मग मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही एकट्या उचलता म्हणून मीबी एकटीच उचलते. मनीबी कंबर दुखस."

मला फार लाज वाटली. चित्रांची आणखी एक प्रत पाठव. या खेपेला माणसं काढ.

तुझीच,
छायाताई