लाभ धरून की लाभ सोडून

माझ्या गोळीवाल्या धाकट्या भावास,

थोरल्या ताईचे पोटभर आशीर्वाद. कानशिलावर बोटं मोडून दिले असते, पण बोटं सध्या माझं ऐकत नाहीत, तेव्हा तोंडीच घे. तुझी साखर काय म्हणते? भावजयीचा खोकला गेला, की अजून तुझ्याच दुकानातलं औषध पिते आहे? आम्ही इथे सगळे खुशाल. कोण कोणत्या दिवशी खुशाल असेल हे मात्र सांगता येत नाही, आणि पत्राचं कारण तेच. लिहिते आहे सूनबाई. अक्षर तिचं, अक्कल माझी. (हे तिने लिहिलं की गाळलं, मला कळायला मार्ग नाही.) तुझ्या कोटाचं शेवटी सांगते. घाई करू नकोस.

तर तुला ठाऊकच आहे, शिंप्याच्या दुकानात चाळीस वर्षं काजं करून करून माझी बोटं आता सकाळी मुठीसकटच उठतात. गोळ्यांनी बोटं सुटेनात आणि पोट मात्र सुटलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी थेंब लिहून दिले. गांजाच्या तेलाचे. तुझा भाचा त्याला ‘ते औषध’ म्हणतो, तेही दार लोटून घेऊन. मी म्हटलं, अरे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मला आता कोण बिघडवणार आहे? रोज दुपारी जिभेखाली तीन थेंब. लागू पडले की तास-दीड तासात बोटं उलगडतात, सुई चिमटीत ठरते आणि मी माणसात येते. माझं मागणं तेवढंच. पण तीन थेंब म्हणजे तीनच थेंब, बाटली तीच, जीभ तीच, आणि गुण रोज निराळा! असं कसं रे? तू इतकी वर्षं गोळ्या विकल्यास. डोकेदुखीची गोळी कधी कुणाला हसवून गेली का?

पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसल्या बसल्या अशी झोपले, की नळवाल्याने शेजारची भिंत फोडली तरी मला पत्ता नाही. (तो म्हणे जाताना चपला हातात घेऊन गेला, आजींची झोप मोडू नये म्हणून. भिंत फोडताना नाही सुचलं.) दुसऱ्या दिवशी तेवढेच थेंब, आणि मुलगा विजेच्या बिलाबद्दल गंभीरपणे काही सांगत असताना मला त्याचे कान दिसले. रोजचेच कान. पण त्या दिवशी ते उलटे लावलेल्या बाह्यांसारखे दिसले आणि मी हसत सुटले ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तो रागावला. रागावल्यावर कान लाल झाले, मग तर काही विचारूच नकोस. तिसऱ्या दिवशी काहीच नाही, नुसती तोंडाला ओल्या गवताची चव. चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातला फ्रिज माझ्याबद्दल पाठीमागे पुटपुटतो आहे असं वाटायला लागलं. मीही ऐकून घेतलं नाही. सूनबाई आली तेव्हा मी त्याला दार आपटून बजावत होते.

मुलगा म्हणतो, बाटलीच खराब. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही लोण्यात परतलेले बटाटे खाऊन थेंब घेता तेव्हा ते जोरात चढतात, उपाशीपोटी घेता तेव्हा नुसते दारावरून जातात. डॉक्टरीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, पोटात काय आहे, रात्री झोप झाली का, मन कसं आहे, बाटली हलवून घेतली का, शरीराला किती सवय झाली, सगळ्याने फरक पडतो. म्हणजे दोष सगळ्यांचा, सापडला कुणीच नाही. मग म्हणाल्या, रोज काय होतं ते लिहून ठेवा. मला, अक्षरशत्रूला! मी आपली बटणांची बरणी काढली. झोप आली तर काळं बटण, हसू आलं तर लाल, काही नाही तर पांढरं, आणि फ्रिजसाठी एक पितळी. आठ दिवस चोख चाललं. नवव्या दिवशी मुलाच्या सदऱ्याचं बटण तुटलं आणि या बाईसाहेबांनी बरणीतलं लाल बटण काढून तिथे टाचलं. तो आता माझा हसण्याचा दिवस छातीवर लावून कचेरीत जातो. (सूनबाई लिहिता लिहिता थांबली आहे. लिही, लिही.)

खरी गंमत परवा झाली. एरवी थेंब कधी मुलगा मोजून देतो, कधी सूनबाई, आणि दोघं कामात असले की माझी मी आरशासमोर घेते. परवा सूनबाई मागे येऊन उभी राहिली आणि मी आपली मोजते आहे, लाभ, एक, दोन, तीन. ती ओरडली, “अहो आई, चार झाले!” मी म्हटलं, “चार कुठले? तीनच म्हटलं ना मी?” “आणि तो लाभ?” “लाभ लाभ असतो, त्याला मोजतात का?” आपली आई धान्य मापताना पहिल्या मापाला कधी एक म्हणाली नाही, लाभच म्हणाली. मीही जन्मभर तसंच मोजत आले. शिवाय मध्ये कुणी बोललं की मी पुन्हा लाभापासून सुरू करते, म्हणजे फ्रिजच्या दिवशी जिभेखाली किती गेले ते त्या फ्रिजलाच ठाऊक.

मुलाला वाटलं, सुटलं कोडं. पण ऐक. काल आणि आज सूनबाईने स्वतः बाटली हलवून, एक-दोन-तीन म्हणून थेंब घातले. काल मी पेंगत बसले. आज बोटं अशी मोकळी, की सुईत दोरा पहिल्या खेपेला गेला. आता सांग!

येत्या गुरुवारी डॉक्टरीणबाई थेंब ठेवायचे की बंद करायचे ते ठरवणार आहेत, आणि मुलगा शेजारी बसून ‘बंद करा’ म्हणणार आहे. थेंब बंद म्हणजे सुई बंद, आणि सुई बंद म्हणजे मी दिवसभर फ्रिजचंच ऐकायचं. तब्येतीला जप, आणि दुकानात उभं राहून जेवू नकोस.

तुझी,
ताई

ता. क. बुधवारी मुलाला फोन कर आणि गिऱ्हाइकाशी बोलतोस त्या आवाजात सांग, की असं कमीजास्त होतंच, मोजून आणि जेवणाची वेळ सांभाळून घेतलं की बसतं मार्गी. आणि नीट आठव. आई लाभानंतर एक म्हणायची, की एकदम दोन? दोन म्हणत असली तर मुलाला सांगू नकोस.

आणखी ता. क. कोट. पुढची पाचही काजं झाली आहेत. सहावंही झालं आहे. ते पाठीवर आहे. हसण्याच्या दिवशी झालं, कोट उलटा होता की मी, सांगता येत नाही. एक चपटं बटण पाठव, म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखं दिसेल.

मामांना सूनबाईचा नमस्कार. आई आत गेल्या आहेत, म्हणून घाईने लिहिते. बटण पाठवू नका. पुढची पाच काजं जरा वाकडी आली आहेत, पाठीवरचं मात्र असं देखणं आहे की टाका दिसत नाही. आठ वर्षांत त्यांच्या हातचं इतकं सुंदर काज मी पाहिलं नव्हतं. ह्यांना काल दाखवलं. ते कोट खिडकीपाशी नेऊन उजेडात टाका शोधत बसले. फोन तरीही कराच. आणि आईंच्या आई एकदम दोनच म्हणायच्या असतील, तर तेवढं मला एकटीला कळवा.