क्यू एक नसतो तेव्हा

४ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

लाटेचं ते हट्टी समीकरण सुटलं. अंदाजे नाही, नेमकं. दोन उत्तरांची बेरीज केली तर तिसरं उत्तर मिळत नाही, अशातलं ते. मी ते बीजगणितात बसवलं आणि त्यात क्यू नावाची एक संख्या घातली. क्यू एक असेपर्यंत सगळं जुनंच. जरा हलला की अ गुणिले ब वेगळं, ब गुणिले अ वेगळं. माझं उत्तर कुठल्याही क्यूला चालतं. दर पानावर क्यू एक ठेवून पाहिलं, जुनं उत्तर बरोबर परत येतं.

लेख छापायला गेलाय, आणि महिनाअखेरीस विद्यापीठातल्या कायमच्या जागेची निवड त्यावरच होणार. खोलीत नुसत्या येरझाऱ्या घालतेय. खालचे भाडेकरू काल वर येऊन काही हरवलंय का, विचारून गेले. सोबत प्रत आहे, वाच.

माया असू दे.
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरीस, अनेक आशीर्वाद.

वाचलं. देखणं आहे. पण बाई, क्यू एक असताना गुणाकार कुठूनही केला तरी सारखाच. मग उलटसुलट झालेलं कळणार कसं? हे म्हणजे छत्री गळते का ते उन्हात उघडून पाहणं झालं. क्यू दोन ठेव आणि सातवं पान पुन्हा कर. शंका खोटी ठरली तर जन्मभर चिडव मला.

गुडघे बरे आहेत. जेवत जा.

लोभ आहेच, तो निकालावर ठेवलेला नाही.
तुझी आत्या

२ एप्रिल

ती. आत्यास, सा. न.

सातव्या पानावर दोन पदं उलटी पडली होती. हाताची जुनी सवय. उत्तर फक्त क्यू एकलाच टिकतं, म्हणजे जगाला आधीच ठाऊक होतं तेवढंच.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, आधी जागा पदरात पाडून घे, दुरुस्ती मागाहून छापू, इतक्या खोलात कोण जातंय. ते इतकं पटण्यासारखं होतं की माघारीचं पत्र दोन दिवस लिहून तसंच ठेवलं. मग लेख मागे घेतला आणि निवड समितीलाही कळवलं. जागा शेजारच्या टेबलावरच्याला मिळाली. त्याने चहा पाजला, मी प्यायले.

आत्या, मला तुझा राग आलाय. तू बरोबर होतीस म्हणून जास्तच. तो उतरेपर्यंत पत्र पाठवू नकोस.

नाही, पाठव.

तुझीच,
भिंगरी